आपल्याच गावात घडणाऱ्या अशक्य गोष्टी: तुम्ही काय वाचलंय?

मला राजवाडे, परग्रह, जादूगार असलेलं नकोय. बस, ऑफिस, भाडं, नुस्त्याचा (मासळीचा) भाव सगळं जागच्या जागी आणि त्यात एकच गोष्ट अशी की जी घडूच शकत नाही, आणि शेवटी 'हे स्वप्न होतं हो' म्हणून लेखक सुटका करून घेत नाही, अशी पुस्तकं सांगा. नुसती नावं नकोत, वाचताना तुमचं काय झालं तेही लिहा. चवथीपर्यंत पाऊस काय हटत नाही, वाचायला वेळ आहे.

सुरुवात मी करते. काफ्काचा ग्रेगर साम्सा, १९१५ ची 'मेटामॉर्फोसिस' ही गोष्ट, सकाळी उठतो तो किडा होऊन, हे न वाचलेल्यांनाही माहीत असतं. पण मला धरून ठेवलं ते त्यानंतरच्या पानांनी. ह्या माणसाला पहिली काळजी पडते ती आपली गाडी चुकली त्याची! आणि ऑफिसचा मोठा कारकून थेट घरी येऊन दाराबाहेर उभा राहतो. मी तेव्हा फिरतीच्या सेल्सच्या नोकरीत होते, टार्गेट, सकाळची बस, साहेबाचा फोन, आणि मला त्या किड्यापेक्षा त्या कारकुनाची भीती जास्त वाटली. तेव्हापासून मी असंच शोधत असते.

फोंडेकर:
ताई, आधी आपल्या मराठीतलं घ्या. जी. ए. कुलकर्णींची 'स्वामी' ही कथा, 'पिंगळावेळ' मध्ये आहे, संग्रह १९७७ चा. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस, त्याला एका मठात नेतात, जेवू घालतात, मान देतात, सगळे इतके नम्र की शंका घ्यायचीच लाज वाटावी, आणि मग कळतं की आता इथून बाहेर जाणं नाही, तूच आमचा स्वामी. शेवट सांगत नाही. आमच्याकडे देवळं, मठ, महाजन, उत्सव ह्यातच लहानाचे मोठे झालो आम्ही, त्यामुळे ती अदबीची भाषा मला ओळखीची होती, आणि तीच भाषा दार बंद करते हे वाचून मी पुस्तक मिटून व्हरांड्यात येऊन बसलो. ह्यात भूत नाही, चमत्कार नाही, जे घडतं ते कोणीही माणसं करू शकतील असं आहे, पण माझ्या मते मराठीत ह्याहून विचित्र काही नाही. जीएंचंच 'रमलखुणा' पण थोर आहे, पण ती वेगळीच दुनिया, तुम्ही मागताय तशी नाही, म्हणून आधी 'स्वामी'च.

म्हापशाची मावशी:
सारामागो, पोर्तुगीज लेखक!! आमचे आजोबा प्रिमेर ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण) केलेले, घरात पोर्तुगीज पुस्तकं होती पण मी वाचलं ते इंग्लिशमधून. 'ब्लाइंडनेस', १९९५. सिग्नलला गाडी थांबलीय, हिरवा दिवा लागतो आणि ड्रायव्हरला दिसेनासं होतं, काळोख नाही, सगळं दुधासारखं पांढरं. मग ते पसरतं. कोणालाच नाव नाही, डॉक्टर, डॉक्टरची बायको, बस. लॉकडाऊनमध्ये वाचू नका असं मला सांगितलं होतं तरी मी वाचलं आणि क्वारंटाइनची पानं अक्षरशः सहन होईनात. पण मला त्याचं 'डेथ विथ इंटरप्शन्स' जास्त आवडतं, एका देशात एक जानेवारीपासून कोणी मरतच नाही, आणि मग लेखक एकेक करून विचारतो की आता विमा कंपन्यांचं काय, अंत्यसंस्कारवाल्यांचं काय, चर्चचं काय, कारण मरणच नाही तर पुनरुत्थान कुठून आणायचं? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल त्यांनी जपून वाचा. मी सासूबाईंचं करत होते तेव्हा, मला ते पुस्तक फार जवळचं वाटलं. वाक्यं लांबलचक आहेत, संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, पण सवय होते.

पेडण्याचा पोर:
जपानी लेखक मुराकामीची 'द एलिफंट व्हॅनिशेस' ही कथा. गावातला म्हातारा हत्ती आणि त्याचा माहूत दोघे गायब, आणि सांगणारा आपला कंपनीत नोकरी करतो आणि बातम्यांची कात्रणं ठेवतो. छोटी आहे, एका बैठकीत होते.

काणकोणहून:
मार्केझच्या 'अ व्हेरी ओल्ड मॅन विथ इनॉर्मस विंग्ज' कथेतला पंखवाला म्हातारा वाचला का कोणी? इतका पाऊस की घरात कुर्ल्या (खेकडे) शिरतात, आणि अंगणात चिखलात पंख असलेला माणूस पडलेला. पाद्री येऊन लॅटिन बोलून बघतो, त्याला कळत नाही म्हणजे हा देवदूत नव्हे. घरवाले त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवतात आणि बघायला तिकीट लावतात. हे अगदी आमच्या वाड्यावर घडेल असं वाटतं मला. मी मुलांना तोंडी सांगितली, धाकटी अजून विचारते की त्याला जेवायला काय दिलं.

मडगाव, वाचक:
विलास सारंग कसे राहिले? जन्म कारवारचा, म्हणजे आपले शेजारीच. 'सोलेदाद' मधल्या कथा घ्या, आणि इराकात बसऱ्याला शिकवायला होते त्यातून आलेली 'एन्कीच्या राज्यात'. मराठीत इतकं कोरडं आणि थंड लिहून कोणी मला घाबरवलं नव्हतं. जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' पण वाचा, मुंबईचं गिरणगाव आहे, २०१२ चं साहित्य अकादमी मिळालेलं.

सांगेकर:
मी पुस्तक नाही, जागा सांगतो. कुर्डी. गोव्यातल्या साळावली धरणात गेलेलं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. सोमेश्वराचं देऊळ, घरांचे चौथरे, वाटा, सगळं. विस्थापित लोक येतात, देवाचं करतात, आणि पावसात ते परत पाण्याखाली. आमच्या घरची माणसं तिथे उभी राहून 'इथे चूल होती' म्हणतात. ह्यावर कोणी अशी कादंबरी लिहिली असेल तर मला नाव पाहिजे.

सांगेकर, सुरुवात मी केली खरी, पण हे नाव मलाही पाहिजे, कोणाला माहीत असेल तर लिहाच. आणि 'एन्कीच्या राज्यात' ची प्रत कोणाकडे आहे का? पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत ह्या आठवड्यात बघते, मिळाली तर इथे सांगते.