ओटचं ते तीस टक्के फायबर टरफलासकटचं आहे
कोणीतरी ओटच्या जातींचा तक्ता टाकून 'काही जातींत तीस टक्के फायबर, मग दुकानातल्या पाकिटावर दहाच कसं' असं विचारलंय. कंपनी लपवालपवी करत नाहीये. संशोधनातले असे मोठे आकडे बहुतेक वेळा टरफलासकट दाण्याचे असतात. ओटच्या दाण्यात वजनाचा साधारण चौथा हिस्सा टरफलच असतं, आणि ते जवळजवळ सगळं न विरघळणारं फायबर. आपल्या वाटीत येण्याआधी ते निघून जातं. म्हणूनच मळणीतच टरफल सुटणाऱ्या नग्न ओटच्या जाती अशा तक्त्यात 'कमी फायबर'वाल्या दिसतात, प्रत्यक्षात प्रथिनं आणि स्निग्धांश त्यांच्यात बरेचदा जास्तच असतात.

जाती तोलायच्याच तर बीटा-ग्लुकन बघा. कोलेस्टेरॉल उतरवणारं विरघळणारं फायबर ते हेच, आणि सोललेल्या दाण्यात जात व हवामानानुसार ते साधारण ३ ते ७ टक्के भरतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध नियामक संस्थेने) १९९७ मध्ये 'ओट्समुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो' असं पाकिटावर छापायला परवानगी दिली ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने, म्हणजे साधारण ६० ते ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. बिस्किटावर 'ओट्स' छापल्याने तेवढं पोटात जात नाही. आणि 'इन्स्टंट ओट्समध्ये फायबरच नसतं' हेही खरं नाही. साध्या इन्स्टंटमध्येही ते जवळपास तेवढंच असतं. पातळ लाटल्यामुळे पचतं लवकर, साखर चढते लवकर, एवढंच. मसाला ओट्समधलं मीठ मात्र बघून घ्या.

नुसतं एकूण फायबर हवं असेल तर ज्वारीतही दहा टक्क्यांच्या आसपास आहेच. फक्त त्यात बीटा-ग्लुकन नावापुरतं.