चिऱ्याच्या घराला बाहेरून कोणता रंग? पांढरा काळवंडतो, गडद तापतो

माडबागेतला:
नमस्कार मंडळी. घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) बांधकाम, बाहेरून सिमेंटचा गिलावा (स्पंज फिनिश), वर मंगलोरी कौलं. बाहेरून माप 42 बाय 30 फूट, भिंती 11 फूट उंच, आणि दोन्ही टोकांना आढ्याखाली सात-सात फूट उंचीचे त्रिकोण. सहा वर्षांपूर्वी पांढरं अॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळायचा तयार रंग) मारलं होतं.

आजची अवस्था अशी: पश्चिमेच्या भिंतीवर प्रत्येक खिडकीखाली काळे ओघळ. उत्तरेच्या भिंतीला माडांची सावली, ती हिरवी पडली आहे. चारही बाजूंना जोत्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे. नैर्ऋत्य कोपऱ्यात रंगाला फुगे आलेत आणि फुगा फोडला की आत पांढरी पूड निघते. पूर्व आणि दक्षिण बरी आहे.

आता पांढरा नको असं घरात सगळ्यांचं मत. मुलांना गडद राखाडी हवा, फोटोत छान दिसतो म्हणून. उन्हाळ्यात घर तापू नये आणि पाच-सहा वर्षं भिंती बघवल्या जाव्यात असा कोणता रंग? आणि काम कधी काढावं?

वळचण:
तुम्ही भिंतींची चार वेगळी दुखणी लिहिली आहेत, तेव्हा चारही भिंतींना एकच शेड शोधत बसू नका.

आधी उन्हाचं बघू. देवगड साधारण साडेसोळा अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन खातं ते छप्पर, त्याखालोखाल सकाळी पूर्वेची आणि दुपारी पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या भिंतीला वळचण दोन-अडीच फूट बाहेर असेल तर मेमध्ये तिला ऊन जवळपास लागतच नाही. त्यामुळे 'रंग थंड हवा' हा नियम मुख्यतः पश्चिमेला लावा. चिऱ्याची भिंत जाड असते. दुपारी खाल्लेलं ऊन ती संध्याकाळी आत सोडते. गडद राखाडी पश्चिमेला मारलात तर त्याचा त्रास दुपारी नाही, रात्री झोपताना कळेल.

शेडकार्डाच्या मागे प्रत्येक शेडचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे शंभरातला किती उजेड रंग परतवतो तो आकडा. पांढरा 80 च्या वर, मलई-बदामी 65 ते 75, फिकट राखाडी 50 ते 60, विटेसारखा लाल 15 ते 25, कोळशासारखा राखाडी 10 च्या खाली. पश्चिमेला 60 च्या खाली जाऊ नका.

आता पांढरा का नको? तो थंड असतोच, पण कोकणात भिंतीवर काय काय बसतं ते बघा: वरून काळी बुरशी, खालून तांबडी माती, सावलीत हिरवं शेवाळ. पांढऱ्यावर तिन्ही उठून दिसतात. भिंतीवर जी घाण बसणार, तिच्याच कुळातला फिकट रंग घ्यावा. पश्चिमेला आणि पूर्वेला गव्हाळ किंवा बदामी, ज्यात किंचित राखाडी छटा आहे. काळसर ओघळ त्यात बराचसा मुरून जातो. उत्तरेला तोच रंग चालेल किंवा मातकट हिरव्याकडे झुकणारा फिकट रंग. फिकट निळा आणि अबोली टाळा, दोन्हींवर शेवाळ घाणेरडं दिसतं.

जोत्याच्या वर अडीच फूट पट्टा गेरूच्या रंगाचा. आपल्याकडे जुन्या घरांना वर चुना आणि खाली गेरू असायचा तो हौसेपोटी नव्हे. पागोळ्या अंगणात पडतात, माती उडते, भिंतीवर बसते. मातीच्याच रंगाच्या पट्ट्यावर ती दिसत नाही. पट्टा जमिनीपासून ठरावीक उंचीवर न आखता एका पावसात शिंतोडे कुठवर जातात त्याच्या वर चार इंच आखा. तुमच्याकडे डाग आत्ता भिंतीवर आहेतच, पेन्सिलने खूण करून ठेवा, नाहीतर धुतल्यावर पुरावा गेला.

रोलर_ब्रश:
वर शेडचं झालं, पण हे काम शेडवर बिघडत नाही, ओलीवर बिघडतं.

नैर्ऋत्य कोपऱ्यातला फुगा आणि पांढरी पूड म्हणजे लोणा. भिंतीत पाणी आहे, ते बाहेर येताना क्षार घेऊन येतं, रंगाचा पडदा त्याला अडवतो आणि फुगतो. तिथे 'वॉटरप्रूफ' म्हणून रबरासारखा जाड इलॅस्टोमेरिक रंग कोणी सुचवला तर ऐकू नका. पाणी कुठून येतं ते आधी शोधा: कोपऱ्यातलं फुटकं कौल, पन्हाळीचा सुटलेला सांधा, किंवा अंगणाची पातळी चढून जोत्याला टेकलेली माती. ते दुरुस्त करा, तिथला रंग गिलाव्यापर्यंत खरवडा, पूड कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतलीत तर क्षार परत आत जातो) आणि तो कोपरा महिनाभर उघडा सोडा. गिलावा पोकळ वाजत असेल तर तेवढा तोडून नवा करा. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या.

काळे ओघळ बघताना एक गोष्ट नीट बघा. ते खिडकीच्या मधून सुरू होतात की दोन कोपऱ्यांतून? बहुतेक कोपऱ्यांतूनच असतात. खिडकीच्या खालच्या पट्टीवर धूळ साठते, पाऊस ती दोन टोकांना ढकलतो आणि पट्टी भिंतीच्या बाहेर पुरेशी आलेली नसली की पाणी भिंतीला चिकटून उतरतं. पट्टी दीड इंच बाहेर असावी आणि तिच्या पोटाला कडेपासून अर्धा इंच आत बोटाएवढी खाच असावी. छज्ज्यांचंही तसंच. नसेल तर ग्राइंडरने खाच पाडता येते, गवंड्याला एका दिवसाचं काम. हे केलं नाही तर कोणताही रंग द्या, दुसऱ्या पावसात मिशा उगवतात.

धुण्याची पद्धत: 10 लिटर पाण्यात 1 किलो ब्लीचिंग पावडर ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी घ्या. शेवाळ आधी कोरडं घासू नका, बुरशीची बीजं सगळीकडे उडतात. पाणी मारा, रात्रभर ठेवा, सकाळी कडक ब्रशने घासा, मग गोड्या पाण्याने दोनदा धुवा. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. भिंतीवर राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि रंग धरत नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. झाडांच्या बुंध्यांवर आधी साधं पाणी मारून ठेवा.

भेगा: केसासारख्या असतील तर अॅक्रिलिक क्रॅक फिलर. तीन मिलिमीटरच्या वरच्या असतील तर व्ही आकारात कापून पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल भरा. बाहेरच्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी सगळीकडे फासू नका. स्पंज फिनिशवर तिची गरज नसते, आणि सतत भिजणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर पुट्टीसकट पापुद्रा सुटतो.

हिशोब: परीघ 144 गुणिले 11 म्हणजे 1584 चौरस फूट. दोन त्रिकोण मिळून 210. दारं-खिडक्या साधारण 200 वजा. राहिले सुमारे 1600. त्यातला खालचा पट्टा 350, वरचा भाग 1250. खरबरीत गिलाव्यावर इमल्शनचे दोन हात म्हणजे लिटरला 50 चौरस फूट धरा: वरच्या भागाला 25 लिटर. 20 चा एक आणि 4 चे दोन डबे घ्या, उरलेलं डागडुजीला लागतं. प्रायमर एक हात, लिटरला 80 ते 90 चौरस फूट. 20 लिटरचा डबा पुरतो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, साधारण लिटरला 400 मिली. निम्मं पाणी घालून 'तिसरा हात फुकट देतो' म्हणणारा पेंटर तुमचाच रंग पातळ करतोय. वर्षभरात हात फिरवला की पूड निघते ती यानेच. दोन हातांमध्ये चार ते सहा तास.

माडबागेतला:
मोठे आभार. खिडक्यांचं अगदी बरोबर, ओघळ कोपऱ्यांतूनच आहेत. दोन शंका. गेरूच्या पट्ट्यालाही इमल्शनच मारायचं का? आणि गडद राखाडी निदान आढ्याखालच्या त्रिकोणांना दिला तर चालेल का? मुलांची तेवढी तरी समजूत निघेल.

गेरू_पिवडी:
त्रिकोणांना द्या. तिथे बहुधा आत राहती खोली नसते, वळचणीची सावलीही असते. मात्र पश्चिमेकडे तोंड असलेला त्रिकोण असेल तर विचार करा. ऑक्टोबरच्या उन्हात गडद भिंत चटका बसण्याइतकी तापते आणि त्यावरच परतीच्या पावसाची सर येते. या ताप-गारव्याने गिलाव्याला बारीक भेगा जातात.

गडद रंगाची दुसरी बाजू रंगद्रव्यांची आहे, आणि दुकानात ती कोणी समजावून सांगत नाही. टिंटिंग मशीनवर रंग तयार करताना फिकट शेड पांढऱ्या बेसमध्ये (ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगात) होते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे भिंत लवकर झाकते. गडद शेड डीप बेसमध्ये होते. त्यात पांढरं जवळजवळ नसतं, दोन हातांत खालची भिंत दिसत राहू शकते, बऱ्याच शेडना तिसरा हात लागतो. हिशोबात दीडपट धरा.

शिवाय सगळी रंगद्रव्यं सारखी टिकत नाहीत. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरूसारखा लाल, पिवडीसारखा मातकट पिवळा, तपकिरी, काळा, हे उन्हाला आणि सिमेंटच्या अल्कलीला दाद देत नाहीत. चकचकीत लिंबू पिवळा, नारिंगी, राणी, जांभळा हे सेंद्रिय रंगद्रव्यांचे. त्यांतले बरेच पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन वर्षांत उडतात, आणि नव्या गिलाव्यावर घाईने मारले तर ठिपक्या-ठिपक्यांनी पांढुरके होतात. दुकानदाराला सरळ विचारा: या शेडमध्ये कोणते टिंटर (मशीनमधून पडणारी रंगद्रव्यं) पडतात, ऑक्साइडचे की सेंद्रिय? मशीनच्या पडद्यावर फॉर्म्युला दिसतो. बदामी आणि गव्हाळ रंग सहसा पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा यांनीच बनतात, म्हणून ते सुरक्षित.

पट्ट्याबद्दल माझं मत वेगळं: इमल्शन नको. चिऱ्याच्या जोत्यातून थोडी ओल चढणारच, तिला बाहेर पडायला वाट हवी. टेराकोटा शेडचा सिमेंट पेंट मारा. मात्र जुन्या इमल्शनवर तो धरत नाही, अडीच फूट पूर्ण गिलाव्यापर्यंत खरवडावं लागेल. 350 चौरस फुटांना दोन हात, 10 किलो पुरतो. दोन भाग पावडरला एक भाग पाणी घालून आधी लगदा करा, पाच मिनिटं थांबून आणखी एक भाग पाणी. कालवलेला माल तासाभरात संपवा. भिंत आधी ओली करून मारायचा, 24 तासांनी दुसरा हात, आणि नंतर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडायचं. पाणी मारलं नाही तर हाताला रंग लागत राहतो. दर तीन वर्षांनी पट्टा पुन्हा करावा लागेल, पण खर्च किरकोळ.

रोलर_ब्रश:
सिमेंट पेंटचं पटलं, मी फक्त वरच्या भागाचा हिशोब दिला होता. एक भर: आधी वरचं इमल्शन पूर्ण करा, मग पट्टा. उलट केलंत तर पट्ट्यावर थेंब पडतात.

आणि काम कधी काढायचं ते राहिलं. पाऊस संपला म्हणून ऑक्टोबरात लगेच सुरू करू नका, चिऱ्याची भिंत आतून ओली असते. धुणं-खरवडणं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, रंग डिसेंबरपासून पुढे. उत्तरेची भिंत सर्वांत शेवटी. खात्री करायची तर दोन फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, 24 तासांनी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं, म्हणून दुपारी चारनंतर हात मारायचा नाही. उन्हाच्या मागून चला: सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. तापलेल्या भिंतीवर रोलरच्या कडा लगेच सुकतात आणि पट्टे दिसतात.

खिडक्यांचे गज आधी घासून, गंजरोधक प्रायमर लावून रंगवून घ्या. नाहीतर नव्या बदामी भिंतीवर तांबडे ओघळ.

वळचण:
शेड पक्की करायच्या आधी एक-एक लिटर नमुना घ्या आणि पश्चिमेला व उत्तरेला तीन फूट चौकोनात दोन-दोन हात मारून बघा. कार्डावरचा दोन इंचाचा तुकडा फसवतो, मोठ्या भिंतीवर तोच रंग बराच भडक वाटतो. तुमच्याकडे माडांची हिरवी झाक भिंतीवर पडते आणि वर लाल कौलं आहेत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सुरेख दिसणारा बदामी त्यात पिवळट होऊ शकतो. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि भिंत भिजवून, असं तीनदा बघा.

उत्तरेच्या भिंतीला टेकणाऱ्या झावळ्या तोडा. भिंत वाऱ्याने सुकली नाही तर बुरशीनाशक असलेला रंगही दोन पावसांनंतर हात टेकतो, कारण ते औषध हळूहळू धुऊन जातं. पश्चिमेला पूर्वीसारखे पावसाळ्यात झाप (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) बांधायची तयारी असेल तर उत्तमच, फक्त झाप आणि भिंत यांत वीतभर जागा सोडा.

माडबागेतला:
ठरलं: वर राखाडी छटेचा गव्हाळ, खाली गेरू, पूर्वेच्या त्रिकोणाला गडद राखाडी. सगळे डबे एकाच दिवशी मशीनवर बनवून घेतले तर शेड सारखी येईल ना?

गेरू_पिवडी:
एका दिवशी घेतले तरी डब्याडब्यात उन्नीस-बीस असतं. मोठ्या पिंपात सगळे एकत्र ओतून ढवळा आणि मगच वापरा. जमत नसेल तर एक डबा भिंतीच्या मध्येच संपू देऊ नका, कोपऱ्यावरच बदला. आणि झाकणावरची शेड कोडची चिठ्ठी फाडून मीटरच्या पेटीत आतून चिकटवून ठेवा.