ब्रेकनंतर कामावर परतणाऱ्यांसाठी एआय कोच: आपल्या बोलीत कुठे कुठे अडतं?

गोदाकाठ (परभणी)
नमस्कार मंडळी. तीन ते आठ वर्षं घरी राहून पुन्हा नोकरी शोधणाऱ्यांसाठी एआय कोच बांधणं चालू आहे. सध्या अकाउंट्स आणि शाळेची नोकरी एवढी दोनच क्षेत्रं. जिल्हे परभणी, जालना, लातूर. आठ आठवडे, रोज १५ मिनिटं: बायोडाटा, विसरलेलं काम, मुलाखतीचा सराव. भाषेचं एआय मॉडेल विकतचं, एपीआयवरून (म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीचं वापरतो). अडचणी तीन. व्हॉइस नोटचं लेखी रूप चुकतं. बॉट कशालाही "छान!" म्हणतो. आणि कराचे दर, परीक्षांचे नियम न तपासता बिनधास्त ठोकून देतो. शिवाय, वेगळं ॲप काढावं की व्हॉट्सॲपवरच भागवावं?

तूरडाळ (लातूर)
आधी व्हॉइस नोट. आपल्याकडे "मी अर्ज भरायले" म्हणजे भरते आहे. प्रमाण मराठीवर शिकलेलं मॉडेल त्याचं "अर्ज भरायला" करून टाकतं. चालू काम गायब, उरतो नुसता हेतू. मग बॉट विचारणार, "कधी भरणार?" आणि बाई म्हणणार, अहो भरायलेच की! असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोण बोलतंय.

शब्दचुकांच्या टक्केवारीवर विसंबू नका, त्यात हा घोळ जेमतेम एका शब्दाचा दिसतो. प्रत्येक जिल्ह्यातून ४०-५० क्लिपा संमतीने घ्या, हाताने लिहून काढा आणि क्रियापदाचा काळ, आकडे, सॉफ्टवेअरची नावं एवढंच बरोबर आलं का ते मोजा. व्हिस्पर (ओपनएआयचं) आणि एआय-फॉर-भारत (आयआयटी मद्रासचा गट) यांची बोलणं लिहून काढणारी मॉडेलं त्याच क्लिपांवर चालवून बघा. व्हॉट्सॲपची नोट ओपस या आवाजाच्या फाइल प्रकारात येते, ती १६ किलोहर्ट्झ मोनो करून द्या. पुढची-मागची शांतता कापा, कारण व्हिस्पर शांततेतही वाक्यं रचतो. तो ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतो. लांब नोट तोडायची तर श्वासावर तोडा, शब्दाच्या मधोमध नको. काळाची खात्री नसेल तर बॉटने सरळ विचारावं: "म्हणजे अर्ज भरणं चालू आहे, बरोबर?"

टॅली_आणि_चहा (जालना)
दर-नियम मॉडेलच्या डोक्यातून येऊच देऊ नका. २०१६ ला काम सोडलेल्या माणसाला व्हॅट पाठ आहे; जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. तो शिकवायला बसलेलं मॉडेल जुने चार टप्पे सांगतं, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्के गेले, मुख्यतः ५ आणि १८ राहिले. टीईटीचंही (शिक्षक पात्रता परीक्षा) तेच. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून ते आजीवन केलं, तरी बॉट "मुदत संपली, पुन्हा परीक्षा द्या" म्हणतो. एवढ्या एका वाक्याने कुणाचं वर्ष वाया जाईल.

उपाय कंटाळवाणा आहे: हाताने ठेवलेला तक्ता. एका ओळीत एक प्रश्न, त्याचं उत्तर, मूळ परिपत्रकाचा दुवा, तपासल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख. ती उलटली की ओळ आपोआप बंद, आणि बॉट म्हणेल "हे तपासून सांगावं लागेल". लांब पीडीएफ सरसकट पाचशे-पाचशे शब्दांत चिरून शोधायला देऊ नका. दर एका तुकड्यात राहतो, "अमुक तारखेपासून लागू" दुसऱ्यात, आणि बॉटच्या हाती नुसता दर लागतो.

अकाउंट्सच्या सरावाला गप्पा कमी, काम जास्त. एक खोटं किराणा दुकान द्या: विक्रीची १० बिलं, खरेदीची ६, त्यातल्या एकावर जीएसटी नंबर चुकीचा. मासिक रिटर्न धरून जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३-बी (कराचा गोषवारा) ची २० तारीख पाळायला लावा. चुकीचं बिल सापडलं की मुलाखतीत सांगायला काहीतरी ठोस मिळतं.

एसटी_स्टँड (नांदेड)
"छान!" घालवायला "कडक हो" असं प्रॉम्प्टमध्ये (बॉटला दिलेल्या सूचनेत) लिहिलं तर बॉट दुसऱ्या टोकाला जाऊन खेकसतो. त्यापेक्षा गुण देण्यासाठी मॉडेलला वेगळी विनंती पाठवा. तिच्यात आधीच्या गप्पा घालू नका. फक्त उत्तर आणि हो-नाहीचे चार प्रश्न. "मधली पाच वर्षं काय केलंत?" यासाठी: खंड एका वाक्यात उरकला का, आज येणारं एखादं काम नावानिशी सांगितलं का, रुजू कधी होता येईल ते आलं का, माफीचा सूर टाळला का.

"घरच्या अडचणीमुळं जमलं नाही हो, पण आता करीन." पहिल्याला हो, बाकी तिन्हींना नाही. तरी बॉटने सुचवावं एकच: "टॅलीवर मागच्या महिन्यात काय केलंत ते जोडा, पुन्हा बोला." चारही एकदम सांगितले की पुढची नोट येत नाही.

भाषेचं एक. बॉट कधी "मी समजलो" तर कधी "मी समजले" म्हणतो. "मी"च काढून टाका: "नोंद झाली", "पुढचं बघूया". आणि सरसकट "ताई" नको. परतणाऱ्यांत पुरुषही असतात, आणि यंत्राने ताई म्हटलेलं सगळ्यांना रुचत नाही. "तुम्ही" पुरे.

व्हॉट्सॲपच घ्या. पण समोरच्याच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळं लिहिता येतं. नंतर व्हॉट्सॲपने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूर (टेम्प्लेट) लागतो. काल रात्री ९ ला बोलणं झालं आणि आज रात्री साडेनऊला आठवण पाठवली तर मुदत गेलेली. २२ व्या तासाला पाठवा. बॉट फक्त कामावर परतण्यापुरताच बोलू द्या. सर्वसाधारण गप्पांचे एआय बॉट मेटाने (व्हॉट्सॲपची मालक कंपनी) जानेवारी २०२६ पासून बंद ठरवलेत. फोन बऱ्याचदा घरात सामायिक असतो, म्हणून आठवणीत "मुलाखत" शब्द नको. "आजचा धडा तयार आहे" एवढंच.

गोदाकाठ (परभणी)
सगळ्यांचे आभार. दोन शंका: आवाज किती दिवस ठेवावा? आणि कुणी खचल्यासारखं बोललं तर?

तूरडाळ (लातूर)
लेखी रूपाला होकार आला की आवाज पुसा. चाचणीच्या क्लिपांची संमती वेगळी. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमतीची सूचना मराठीतही मिळायला हवी, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही.

दुसरं. "नैराश्य" या शब्दावर पहारा ठेवून काही होत नाही, तसं कोणी बोलत नाही. "मन लागंना", "जीव नको झालाय" असं येतं. तिथे सराव थांबवा. मॉडेलला बोलू देऊ नका, आधीच लिहून ठेवलेला मजकूर पाठवा: टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शिवाय त्याच दिवशी टीममधल्या माणसाने तो संवाद वाचायलाच हवा. आणि हीच वाक्यं व्हॉइस नोटमध्ये बोलून तपासा. "लागंना"चं "लागणार" झालं, तर बॉट अभिनंदन करून मोकळा होईल.