बिया-दाणे बंद करायची गरज नाही
डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या छोट्या पिशव्यांना सूज येणं) झालेल्यांनी बिया आणि दाणे कायमचे बंद करावेत, असं वर कुणीतरी म्हटलंय. तो सल्ला जुना झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांवर पुरुषांच्या १८ वर्षांच्या अमेरिकी अभ्यासात दाणे खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाला नाही, उलट कमीच.

माझं डावं ओटीपोट दुखायचं, खोकलं तरी कळ. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्यातल्या पिशव्यांना सूज दिसली. कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासणं) मात्र ६-८ आठवडे थांबून केली. सुजलेल्या आतड्याला इजा व्हायची भीती असते. सूज उतरल्यावर चोथा हळूहळू वाढवायचा असतो. मी एकदम वाढवला, आठवडाभर पोटाचा नगारा!

आणि हो, अंगदुखीवर आयबुप्रोफेन सर्रास घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं आतड्याला छिद्र पडायचा धोका वाढतो.