ईएडी आलं तरी एच-वन-बी वाढवून घ्याच

'बायको अमेरिकन सिटिझन आहे, आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) गेलाय, मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनची कटकट कशाला, ईएडीवर (त्या अर्जावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्याच्या कार्डावर) काम करा' हे म्हणणं पूर्वी बऱ्यापैकी चालून जायचं. पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना ईएडीची ५४० दिवसांपर्यंतची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, की घरी बसा. उलट एच-वन-बी वाढवण्याचा अर्ज मुदतीत गेला असेल, तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. शिवाय आय-४८५ नाकारला गेलाच तर एच-वन-बीचं स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) शाबूत राहतं.

मात्र एच-वन-बीची सहा वर्षांची मर्यादा लग्नावरून केलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जामुळे वाढत नाही. त्यापुढची मुदत हवी तर कंपनीनं आपलं लेबर (कामगार खात्याचं सर्टिफिकेशन) किंवा आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी करायचा अर्ज) वेळेत केलेलं लागतं. ते नसेल तर सुट्टीत, गणपतीला वगैरे भारतात काढलेले पूर्ण दिवस परत मागता येतात. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास जपून ठेवा आणि कंपनीच्या वकिलाला 'रिकॅप्चर' (हे दिवस परत मिळवणं) करायला स्वतःहून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.