पंप सुरू झाला की ऊनो रिसेट होतोय (कुंड्यांचं ऑटोमॅटिक पाणी)

टिळकवाडी_गच्ची:
गच्चीवरच्या कुंड्यांसाठी जोडणी केलीय. आर्डुइनो ऊनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मातीची ओल मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, रिले (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच), ५ व्होल्टचा पाण्यात बुडणारा पंप. पंपाला सप्लाय ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवरून. पंप सुरू झाला की बोर्ड रिसेट. पंप कधी सुरू करायचा याचा खानापूरच्या तांबड्या मातीत ठरवलेला सेन्सरचा आकडा चिकोडीच्या काळ्या मातीत चालत नाही. पंप बंद केला तरी नळीतून पाणी येतच राहतं. बादली कट्ट्यावर, कुंड्या खाली.

सोल्डर_शहापूर:
पंप सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, बोर्डाचा व्होल्टेज खाली येतो, म्हणून रिसेट. पंपाला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा चार्जर द्या. त्याची प्लस वायर रिलेच्या कॉम आणि एनओ (रिले चालू झाला की जोडली जाणारी दोन टोकं) यांमधून न्या. पंपाच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावा, डायोडवरची पट्टी प्लसकडे. रिले आहे तोवर पंपाचा ग्राउंड बोर्डाला जोडायची गरज नाही. रिलेऐवजी मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) घातलात तर जोडावाच लागेल.

काळीमाती_चिकोडी:
दोन मातींना एक आकडा चालायचा नाही. प्रत्येक कुंडी भरपूर भिजवा, जादा पाणी निथळू द्या, मग रीडिंग लिहून ठेवा. वरची दोन बोटं माती सुकली की पुन्हा घ्या. या सेन्सरचा आकडा ओल वाढली की उतरतो, हे विसरू नका. काळी माती सुकताना आक्रसते, सेन्सरच्या पट्टीभोवती फट पडते. मग आत ओल असूनही रीडिंग कोरडं, आणि पंप चालूच! पट्टीभोवती ओला चिखल दाबून बसवा, मातीत थोडं शेणखत मिसळा. पट्टी तिच्यावरच्या रेघेपर्यंतच खोचा. वरच्या पार्टांना नेलपॉलिशचे दोन हात द्या.

सुरू आणि बंद करायचे आकडे वेगळे ठेवा, नाहीतर रिले टकटक करत बसेल. पंप ५ सेकंद चालवून १० मिनिटं थांबा, मगच पुढचं रीडिंग. पाणी मुरायला वेळ लागतो की.

टिळकवाडी_गच्ची:
आणि नळीचं?

सोल्डर_शहापूर:
तो सायफन, म्हणजे बादली उंचावर असल्याने पंपाशिवायही पाणी नळीतून खाली ओढलं जातं. बादली कुंड्यांच्या खाली ठेवा. जमत नसेल तर नळीचा बादलीतला भाग पाण्याच्या पातळीच्या वर जिथे सगळ्यात उंच आहे, तिथे बारीक भोक पाडा. पंप थांबला की हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालताना तिथून थोडं पाणी गळेल, ते बादलीतच पडू द्या. बादलीत फ्लोट स्विच (पाणी संपलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच) टाका, कोरडा चालला तर हा पंप जळतो. सेन्सरची वायर निघाली तरी पंप अडकून राहू नये म्हणून कोडमध्ये दिवसाला कमाल किती सेकंद तेही बांधून टाका.