विषय: नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरला पुष्पगुच्छ – कुणाकडून, किती वाजता, कुठली फुलं?

प्रेषक: प्रतापनगर (सध्या न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार.

27 मे रोजी आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं पूर्ण होतात. घर प्रतापनगरला, फ्लॅट स्कीममध्ये (अपार्टमेंटच्या इमारतीत) पहिल्या मजल्यावर. 50 लाल गुलाब आणि सोबत काहीतरी जांभळं, असा गुच्छ मनात आहे. दुपारी एकच्या सुमारास नातेवाईक जेवायला येतील, तेव्हा फुलं ताजी दिसायला हवीत. इथल्या मोठ्या वेबसाइटवरून मागवावी, की नागपुरातल्या दुकानदाराशी थेट बोलावं? ऑर्किड नाजूक असतं, ते उन्हाळ्यात नकोच ना? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रेषक: बर्डी, नागपूर

ताई, अभिनंदन तुमच्या आई-बाबांचं. फुलांच्याच धंद्यात असल्यामुळे जरा लांब लिहितो.

थेट बोला. वेबसाइटवर दिलेली ऑर्डरसुद्धा बहुतेक वेळा नागपुरातलाच एखादा दुकानदार पुरी करतो. पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. बर्लिनला 1908 साली फ्ल्यूरोप आणि अमेरिकेत 1910 साली एफटीडी या दुकानदारांच्या संस्था याच कल्पनेवर उभ्या राहिल्या: एका गावच्या दुकानाने ऑर्डर घ्यायची, दुसऱ्या गावच्या दुकानाने फुलं पोचवायची. त्यात वाईट काही नाही, पण मधल्या प्रत्येकाचा वाटा तुमच्याच पैशातून जातो. उरलेल्या रकमेत दुकानदाराला फोटोसारखं दिसणारं काहीतरी बसवावं लागतं. मग गुलाब कमी होतात आणि कामिनीचा पाला, फर्न, जिप्सी (बारीक पांढरी भरतीची फुलं) वाढते. याहून मोठी अडचण अशी की आज बाजारात काय चांगलं उतरलंय हे वेबसाइटला कळत नाही. ते सकाळी बंच (फुलांच्या जुड्या) सोडून बघणाऱ्यालाच कळतं.

आता गुलाब. लांब दांड्याचा डच गुलाब आपल्याकडे तळेगाव, नाशिक, बंगळूर या बाजूंनी येतो, म्हणजे दुकानात पोचायच्या आधीच त्याचा लांबचा प्रवास झालेला असतो. मे महिन्यात पॉलिहाउसमध्येही (प्लॅस्टिकने झाकलेल्या शेडमध्येही) तापतं, त्यामुळे कळी लहान, दांडा बारीक आणि उमलायची घाई. तापमान 10 अंशांनी वाढलं की फुलाचं वय साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने सरतं. थंड खोलीत आठवडा काढणारा गुलाब 44-45 अंशांत बाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

मान टाकण्याचं कारण नुसतं ऊन नसतं. दांडा कापून कोरडा राहिला की कापलेल्या टोकातून हवा आत शिरते, पाण्याची वाट अडते आणि पाण्यात उभा असूनही फूल तहानलेलं राहतं. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम: बादलीत पाणी घेऊन, टोक पाण्याखाली धरूनच दोन-तीन सेंटिमीटर तिरपं कापायचं. धारदार सुरी वापरा. बोथट कात्रीने दांडा चेपतो. मान टाकलेला गुलाबही असा कापून, वर्तमानपत्रात सरळ गुंडाळून खोल पाण्यात तास-दोन तास ठेवला तर पुष्कळदा उभा राहतो. उशीर झाला असेल तर नाही राहत.

एक डच गुलाबाचा बंच 20 दांड्यांचा असतो. तुम्हाला 50 हवेत, म्हणजे दुकानदाराला तीन बंच, 60 गुलाब सोडावे लागतील. हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण दबलेले आणि वाकडे बाजूला काढता येतात. म्हणून "60 मधले निवडून 50" असं स्पष्ट सांगा. ताजेपणा बघायचा तर कळीच्या बुडाशी, पाकळ्या दांड्याला मिळतात तिथे, दोन बोटांनी हलकं दाबून बघतात. घट्ट लागली तर ताजी, पोकळ लागली तर शिळी. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतात, त्या कळीचं रक्षण करणाऱ्या असतात. त्या काढल्या की आतलं फूल स्वच्छ निघतं.

ऑर्किडबद्दल मात्र उलटं आहे. आपल्याकडे गुच्छात येतं ते डेंड्रोबियम, मुळात उष्ण प्रदेशातलं. उन्हाळ्यात गुलाबापेक्षा ते आणि अँथुरियम कितीतरी जास्त तग धरतात. त्यांना भीती थंडीची: फ्रिजमध्ये ठेवलं की पाकळ्या पाणचट होऊन काळवंडतात. जांभळं हवंच असेल तर डेंड्रोबियमच्या 8-10 काड्या घाला. जर्बेरा मात्र मे महिन्यात मी स्वतः सुचवत नाही. दांडा पोकळ आणि केसाळ, पाणी जास्त झालं की कुजतो, कमी झालं की वाकतो.

आणि ताई, मे महिना मोगऱ्याचा. 50 वर्षांच्या सोहळ्याला मोगऱ्याचे गजरे नसावेत हे मला तरी पटत नाही. सकाळी घट्ट कळ्यांचे ओवून घ्यायचे, ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवायचे. पाण्यात बुडवले तर तपकिरी पडतात. संध्याकाळी कळी उमलते आणि घरभर वास होतो.

प्रेषक: महाल (सध्या लेस्टर)

बर्डीवाल्या काकांनी फुलांचं सांगितलं, मी पैसे आणि पत्त्याचं सांगते, कारण ऑर्डर बहुतेक तिथेच अडकते.

पैसे: लहान दुकानदाराकडे परदेशी कार्ड चालेलच असं नाही, यूपीआय मात्र जवळजवळ सगळ्यांकडे आहे. जानेवारी 2023 मध्ये एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्यांना परदेशी मोबाइल नंबर जोडून यूपीआय वापरायला परवानगी दिली. सुरुवातीच्या 10 देशांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि आखातातले काही देश होते. तुमच्या बँकेने ही सोय सुरू केली आहे का ते आठवडाभर आधीच बघा, 26 तारखेच्या रात्री नको. नाहीतर नागपुरातल्या भावाला पाठवा, तो दुकानदाराला देईल. आगाऊ अर्धे आणि गुच्छ तयार झाल्याचा फोटो आल्यावर उरलेले, हे दोघांनाही सोयीचं.

वेळ: मे महिन्यात न्यू जर्सी नागपूरच्या साडेनऊ तास मागे. नागपूरचे 27 तारखेचे सकाळचे 8 म्हणजे तुमच्याकडे 26 ची रात्र, साडेदहा. फॉर्ममध्ये तारीख टाकताना ती नागपूरची आहे ना, हे तपासाच. गुच्छ एक दिवस उशिरा पोचण्याचं कारण बरेचदा इतकंच असतं.

पत्ता: नागपूरचे पत्ते प्लॉट नंबर आणि ले-आऊटवर (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या नावावर) चालतात, आणि शेजारच्या दोन ले-आऊटमध्ये एकच प्लॉट नंबर असणं अगदी सर्रास. म्हणून ले-आऊटचं किंवा सोसायटीचं पूर्ण नाव, स्कीमचं नाव, मजला, जवळचा चौक आणि मॅपवरचं पिन, एवढं सगळं द्या. फोन दोन द्या. वडीलधारी माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, तेव्हा दुसरा नंबर शेजाऱ्यांचा किंवा भाचीचा असू द्या. सरप्राइज ठेवायचं असेल तर हे फार महत्त्वाचं.

कार्डाचा मजकूर देवनागरीत हवा असेल तर टाइप करून पाठवू नका. काही दुकानांच्या प्रिंटरवर जोडाक्षरं फुटतात. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा आणि हाताने उतरवून घ्यायला सांगा.

प्रेषक: प्रतापनगर (सध्या न्यू जर्सी)

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. ऑर्किड नक्की आणि गजरेही. आता दोन शंका. गुच्छ हातात धरायचा बांधलेला घ्यावा की टोपलीतला? आणि घरी कूलर आहे, एसी नाही. फुलं कुठे ठेवायला सांगू?

प्रेषक: बर्डी, नागपूर

टोपली घ्या. हातातला गुच्छ दुकानातून निघाला की त्याला पाणी नाही, देठांना ओला कापूस आणि त्यावर पॉलिथिन, तेवढ्यावर तो किती तग धरणार? आणि घरी पाहुण्यांच्या गर्दीत फुलदाणी शोधत कुणी बसत नाही.

पण टोपलीचा सगळा जीव आतल्या हिरव्या फोममध्ये, म्हणजे देठं खोचायच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या विटेत. अख्खी वीट साधारण 23 सेंटिमीटर लांब, पूर्ण भिजली तर दोन लिटरच्या जवळपास पाणी धरते. ती पाण्यावर नुसती ठेवायची आणि आपोआप बुडू द्यायची, मिनिट-दोन मिनिटं लागतात. घाईत हाताने दाबली की बाहेरून ओली आणि पोटात कोरडी राहते. नेमकी त्या कोरड्या भागात ज्या गुलाबांची देठं गेली, तेच आधी वाळतात. एका बाजूची फुलं टवटवीत आणि दुसऱ्या बाजूची मलूल दिसली तर कारण बहुतेक हेच. एकदा वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही. पैसे वाचवायला काही जण पाव वीट घालतात. 50 गुलाबांना अख्खी वीट लागतेच, तसं सांगा. टोपलीच्या तळाला जाड प्लॅस्टिक आहे ना, हेही विचारा, नाहीतर पाणी टीपॉयवर.

वरचा चकचकीत सेलोफेन कागद नको म्हणा. दुचाकीवर उन्हातून येताना त्याच्या आत वाफ धरते आणि पाकळ्या शिजल्यासारख्या होतात. वर उघडं ठेवलेलं साधं कागदी वेष्टण बरं. चमकी आणि रंगाचे फवारेही नकोत. डिलिव्हरी सकाळी 10 च्या आत. एक वाजता जेवणं आहेत म्हणून बारा वाजता बोलावू नका, तेच सर्वांत वाईट ऊन.

कूलरची खोली उत्तमच, हवेत ओल असते. पण टोपली थेट झोताच्या समोर ठेवायची नाही, आणि पंख्याखालीही नाही. वाऱ्याने पाकळीतलं पाणी उडतं आणि कडा कुरकुरीत होतात. झोतापासून बाजूला, भिंतीच्या कडेला ठेवा.

पाणी घालताना एक काळजी: मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं. तेच फोममध्ये ओतलं तर देठं भाजतात. माठातलं पाणी घ्यायला सांगा. सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक, फोमच्या मधोमध, हळूहळू.

दुसरी काळजी आंब्यांची. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यातून इथिलीन वायू सुटतो. घरात अढी किंवा पेटी असेल तर फुलं त्या खोलीत नकोत. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत मिटतात, ऑर्किडच्या कळ्या गळतात. ज्या फ्रिजमध्ये फळं आहेत तिथे फुलं ठेवणं चूक, ते याच कारणाने.

साखर, अॅस्पिरिन, तांब्याचं नाणं यांच्या मागे लागू नका. एकटी साखर घातली तर फुलाआधी जंतूच पोसले जातात आणि पाण्याला वास येतो. फुलदाणी असेल तर रोज पाणी बदलणं आणि पाण्याखाली येणारी पानं काढून टाकणं, एवढ्याने बरंच साधतं.

प्रेषक: सदर (सध्या टोरांटो)

याच विषयाला धरून विचारतो. दुःखाच्या प्रसंगी काय पाठवावं? आणि वर्षात कोणते दिवस टाळावेत?

प्रेषक: बर्डी, नागपूर

भाऊ, सुतकात घरी गुच्छ पाठवू नका. रंगीत गुच्छ आणि त्यावर रिबीन, बघणाऱ्याला बोचतं. तेरवीच्या सकाळी फोटोला घालायला पांढऱ्या निशिगंधाचा हार पाठवा. फोटोची उंची विचारून घ्या. हार फ्रेमच्या खाली लोंबता कामा नये. सोबत सुटी पांढरी फुलं पाव किलो, पुष्पांजलीसाठी. हार भल्या सकाळी लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी बनवून ओल्या कापडात ठेवायला सांगा.

इस्पितळात असेल तर आधी वॉर्डात विचारा. आयसीयूमध्ये फुलं घेत नाहीत. वॉर्डात चालत असली तरी निशिगंध आणि ओरिएंटल लिली नको, बंद खोलीत तो वास आजारी माणसाला सोसत नाही.

दिवसांचं म्हणाल तर व्हॅलेंटाइनचा आठवडा आणि लग्नाच्या दाट तिथी, या दिवसांत भाव चढतात आणि मालात निवड राहत नाही. नागपूरचे आपले दिवस वेगळेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते, तेव्हा महाल-इतवारीत दुपारपर्यंत गाडी आत शिरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते बंद असतात. रामनवमीला शोभायात्रेचा मार्ग. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असलं की मोर्च्यांमुळे बर्डी आणि सिव्हिल लाइन्सचा भरवसा नाही. या दिवशी पाठवायचंच असेल तर सकाळी 8 ची वेळ घ्या किंवा घराजवळचंच दुकान गाठा.

प्रेषक: प्रतापनगर (सध्या न्यू जर्सी)

काका, दुकानदाराला पाठवायचा मजकूर असा केलाय. बघून सांगा:

"27 मे, सकाळी. टोपली, फोम अख्खी वीट, तळाला प्लॅस्टिक. डच गुलाब लाल, 60 मधले निवडून 50, अर्धी उमललेली कळी. डेंड्रोबियम जांभळं 10 काड्या. पाला फक्त कडेला. सेलोफेन नको, चमकी नको. मोगऱ्याचे गजरे 6, घट्ट कळी, ओल्या फडक्यात वेगळे. निघण्याआधी फोटो. कार्डाचा मजकूर सोबतच्या चित्रात, हाताने लिहावा. फोन दोन, आधी भाचीला करावा. काही फूल चांगलं नसेल तर स्वतः बदलू नये, विचारावं."

प्रेषक: बर्डी, नागपूर

ताई, दोन जागा बदला. नुसतं "सकाळी" लिहू नका, "9 ते 10" लिहा. लग्नसराईत दुकानदाराची सकाळ बारापर्यंत चालते. आणि शेवटचं वाक्य काढा. त्या वेळी तुमच्याकडे मध्यरात्र असेल, उत्तर यायच्या आत माल संपतो. त्याऐवजी असं लिहा: "गुलाब बरा नसेल तर लाल कार्नेशन, डेंड्रोबियम नसेल तर अँथुरियम, मोगऱ्याला पर्याय नाही." 25 तारखेला एक फोन करून हेच तोंडीही सांगा, म्हणजे तो 26 ला माल सांगून ठेवेल.